सरपंचाचं नाव काय लिहू?

वडवणीत बीड-परळी रस्त्याला लागून एका झेरॉक्सच्या दुकानावर माझी अभ्यासिका आहे. अभ्यासिका आपली म्हणायची. पत्र्याची खोली, दोन सतरंज्या, एक फळा आणि संध्याकाळी सहा ते आठ पंचवीस-तीस लेकरं. गणिताला, इंग्रजीला घरचे पैसे मोजून शिकवणी लावतात. माझ्याकडं येतो तो इतिहास, नागरिकशास्त्र आणि 'सामाजिक प्रश्नांवरचा' प्रकल्प, म्हणजे ज्याला कुणी पैसे मोजत नाही तो गृहपाठ.

सप्टेंबरात मामा दोन दिवस राहायला आले. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत इतिहास शिकवून निवृत्त झालेत, अंबाजोगाईला असतात. मागं खुर्ची टाकून दोन तास गप्प बसले. लेकरं गेली आणि लाईट गेली. मग बोलायला लागले.

मामा : त्या चौकड्याच्या शर्टाच्या पोराला काय सांगितलंस गं? 'सरपंचाचं नाव काय लिहू' म्हणत होता तो.

मी : म्हणलं, सोड तो प्रश्न, पुढचा घे.

मामा : सोड कामून?

मी : वडवणीला सरपंच आहे कुठं आता? ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली. सतरा प्रभाग, सतरा नगरसेवक, वर नगराध्यक्ष. गाईडात मात्र 'आमच्या गावच्या सरपंचांची मुलाखत' छापून तयार आहे. प्रश्नही त्यांचे, उत्तरंही त्यांचीच. फक्त नावाची जागा मोकळी. दरसाल पोरं तीच उतरवतात आणि दरसाल तो सरपंच पाच हजार झाडं लावतो. एवढी झाडं उगवली असती तर वडवणीत ऊन पडलं नसतं.

मामा : हसू नको. धडा तोच होता, तो तू सोडलास. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती पंचायतींची, २४ एप्रिल १९९३ पासून लागू. चौऱ्याहत्तरावी शहरांची, १ जून १९९३ पासून. खेड्यातून शहराकडं सरकणाऱ्या गावाला नगरपंचायत, हे त्या दुसरीतलं. पुस्तकात हे दोन धडे वेगवेगळे छापलेत, पण त्या पोराचं गाव एका धड्यातून उठून दुसऱ्यात गेलं, त्याच्या डोळ्यांदेखत. त्याला एवढंच म्हणायचं, बाबा, तुझ्या घरची नळपट्टी कुणाच्या नावानं फाटते? पावती आण.

मी : मामा, माझ्याकडं दोन तास, तीस लेकरं आणि पाच इयत्ता आहेत. पावत्या कुठं गोळा करत बसू?

मामा : मग काय करतेस?

मी : उत्तर लिहून देते.

हे मी जरा ठसक्यातच म्हणाले. त्यांनी टेबलावर मेणबत्ती लावली आणि काही बोलले नाहीत. मामांची ही जुनी खोड आहे. समोरच्याला स्वतःचं वाक्य पुन्हा ऐकू येईपर्यंत ते थांबतात.

मी : तुम्ही समजता तसं नाही ते. खिडकीजवळ बसलेली नववीतली पोरगी बघितली ना? तांड्यावरची. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर जातात. दोघांचा मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच खर्चलेली असते, ती फेडायला हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत तिकडंच. हंगामी वसतिगृह असलं तरी आजीच्या डोळ्यांना दिसत नाही म्हणून ही घरीच राहते. दोन भावांच्या भाकरी थापते, धुणं करते, मग शाळा. तिला मी म्हणू का, जा, नगरपंचायतीत चौकशी करून ये? तिला चार मुद्दे पाहिजेत आणि झोप पाहिजे. ज्याच्या घरी बाप मास्तर आहे, त्याला जेवता जेवता उत्तर मिळतं. त्याला कुणी कॉपी म्हणत नाही. हिला मी दिलं तर लगेच तत्त्वाला धक्का बसतो.

मामा : माझ्या घरी बाप मास्तर होता तेव्हा माझी पोरं मला काही विचारायची नाहीत. पण ते जाऊ दे, तुझं म्हणणं मी खोडत नाही. तिला दहावीला राज्यशास्त्रात 'निवडणूक प्रक्रिया' येईल. काय देशील लिहून?

मी : निवडणूक आयोगाची कामं. मतदारसंघांची पुनर्रचना. आचारसंहिता. ठरलेलंच आहे.

मामा : २०२४ ला आपल्याकडं लोकसभेचं मतदान कधी झालं?

मी : मे महिन्यात. १३ मे.

मामा : तेव्हा तिचे आईबाप कुठं होते?

मी : गावातच. पट्टा पडून गेला होता.

मामा : आणि विधानसभेला? २० नोव्हेंबर. हंगाम सुरू व्हायची वेळ. मत गावच्या केंद्रावर आणि पोट कारखान्याच्या फडावर. सीमेवरचा जवान पोस्टानं मत पाठवतो, ऊसतोड्याला ती सोय नाही. मतदानाचा हक्क असणं निराळं आणि त्या तारखेला गावात असणं निराळं, हे त्या पोरीला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. राज्यशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकानं यावर निबंध लिहिला तर त्याला शाल मिळेल. आणि तू तिला आचारसंहितेचे चार मुद्दे देऊन झोपायला पाठवायलीस.

मी : हे ती पेपरात लिहील तर मार्क कुठल्या प्रश्नाला द्यायचे? चाळीस मार्कांचा पेपर, दोन तास. चुकीची जोडी ओळखा, संकल्पनाचित्र पूर्ण करा, टिपा लिहा, सकारण स्पष्ट करा. तुम्हीच पेपर तपासलेत ना इतकी वर्षं? 'माझे आईबाप तेव्हा साताऱ्याकडं ऊस तोडत होते' असं कुणी लिहिलेलं आढळलं तर किती दिले असते?

मामा : (बराच वेळानं) अर्धा.

मी : बघा.

मामा : खोटं कशाला बोलू? नमुना उत्तरात जे नाही त्याला अर्धाच. गठ्ठा संपवायचा असतो.

इथं मी जिंकले असं मला वाटलं. त्यांनी मात्र पिशवीतून एक वही काढली. दोनशे पानी, पुठ्ठ्याला खाकी कव्हर, कोपरे गेलेले. एका जुन्या विद्यार्थ्याची होती, त्यानंच पुढं आणून दिलेली. उजव्या पानांवर नेहमीचं, समासाच्या लाल रेघेला धरून लिहिलेलं, प्रश्न शाईनं आणि उत्तर पेन्सिलीनं अधोरेखित. डावी पानं वेगळीच होती. तिथं तिरकं-तारकं लिहिलेलं, मध्येच चित्र. एके ठिकाणी दगडांची एक रांग काढून खाली लिहिलं होतं, 'आजीनं वाहिलेली पाळ'.

मामा : विज्ञानाच्या वहीत आकृतीसाठी डावं पान कोरं सोडतात ना, तिथून मला सुचलं. उजव्या पानावर गाईड चालेल. परीक्षा उजव्या पानाची. डाव्यावर मात्र गाईडातलं एक अक्षर यायचं नाही. रोजगार हमीचा प्रश्न आला. उजवीकडं, १९७२ चा दुष्काळ, १९७७ चा कायदा, मागेल त्याला काम. डावीकडं हा पोरगा लिहितो की ज्या तळ्यावर तो पोहायला जातो ते त्याच्या आजीनं मुरूम वाहून बांधलं आणि तिथं सुकडी मिळायची. तीन ओळी. तोपर्यंत ते तळं त्याच्यासाठी नुसतं तळं होतं. याला तुझा कितीसा वेळ गेला असता?

मी : माझा नाही, त्याचा गेला.

मामा : आजीजवळ बसण्यात गेला. तो वेळ तिच्याही वाट्याला आला.

मला हे पटलं, पण लगेच कबूल करायचं नव्हतं. म्हणून मी पालकांवर घसरले. इतिहासाला कसली शिकवणी, असं तोंडावर म्हणणारे एक पालक गेल्या वर्षी निजामकाळच्या उर्दू कागदाची झेरॉक्स घेऊन माझ्याकडं आले होते. सप्टेंबर २०२५ ला मराठ्यांच्या कुणबी नोंदींसाठी हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाल्यापासून मराठवाड्यात घरोघरी पणजोबांच्या नोंदी शोधणं चाललंय. ते म्हणाले, तुम्ही इतिहासाच्या बाई, एवढं वाचून द्या. मला उर्दू येत नाही म्हणल्यावर त्यांच्या तोंडावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. आपलं गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं आणि तिथला कारभार दुसऱ्याच लिपीत चालायचा, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा टोचलं असावं.

मामा : मग सतरा सप्टेंबरचा प्रकल्प आलाय का नाही लेकरांना?

मी : आलाय. 'मराठवाडा मुक्तिसंग्राम, ज्येष्ठांच्या आठवणी गोळा करा.' खाली झेरॉक्सवाल्याकडं स्वामी रामानंद तीर्थांचं चित्र विकायला आहे, वल्लभभाईंचं आहे, निजामाचंही आहे. तिन्ही चिकटवली की झालं. पोरांना सतरा सप्टेंबर आता रेल्वेचा वाटतो. २०२५ ला त्याच दिवशी नगरहून बीडपर्यंत गाडी सुरू झाली, आणि पुढं परळीला जाणारा मार्ग वडवणीवरून आहे. त्यांचं डोकं तिकडं.

मामा : स्वामीजी आधी मास्तर होते, हे सांगितलंस का त्यांना? हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईला, योगेश्वरीत. तेव्हा अंबाजोगाईचं सरकारी नाव मोमिनाबाद. ज्यानं निजामाशी झुंज घेतली तो इथल्याच पोरांच्या वह्या तपासायचा.

मी : हे नव्हतं माहीत. पण मला दुसरंच विचारायचंय. हे वाचा.

आठवीतल्या एका मुलीची वही मी त्यांच्यापुढं सरकवली. मुलगी मुसलमानाची. आजीला विचारून आली होती. पेन्सिलीनं लिहिलं होतं, खोडायला सोपं जावं म्हणून असेल. १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या वेळी पणजोबांना आणि घरातल्या सगळ्यांना शेजारच्या पाटलांनी आपल्या वाड्यात नेलं, बळदात बसवलं, वर ज्वारी लोटली. आठ दिवस. बाहेर लोक विचारत फिरत होते. खाली तिनं मला प्रश्न लिहिला होता : 'मॅडम, हे लिहू का? शाळेत वाचून दाखवायचे आहे.'

मामांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला.

मामा : नको म्हण.

मी : काय?

मामा : लिहू देऊ नको. १३ सप्टेंबरला फौजा शिरल्या, ऑपरेशन पोलो, १७ ला निजाम शरण आला, मराठवाडा मुक्त झाला. एवढं लिही म्हणावं. पुस्तकात तेवढंच आहे.

मी : तासाभरापूर्वी मला कोण सांगत होतं की डाव्या पानावर गाईडातलं अक्षर नको?

मामा : पावतीला कुणी दगड मारत नाही, बाई. तळ्यालाही नाही. हिला दुसऱ्या दिवशी त्याच बेंचवर बसायचंय. या जिल्ह्यात आता आडनावं बघून वागायलेत लोक. मला इतिहासाची काळजी नाही, तिची आहे.

मी : आणि आपल्या आजीची गोष्ट? ती तर तुम्ही दर सतरा सप्टेंबरला शाळेत सांगायचात.

मामा : रझाकार आल्याचं कळलं की बायका उभ्या ज्वारीत जाऊन बसायच्या. तान्ह्या लेकरांच्या तोंडावर पदर धरायच्या. आईनं स्वतः सांगितलेलं आहे मला. कासीम रझवीची माणसं काय होती हे ज्यांनी भोगलं त्यांना विचार. आपल्या घरचे चार महिने नगर जिल्ह्यात जाऊन राहिले, निजामाची हद्द सोडून. ते खोटं आहे का?

मी : खोटं कोण म्हणतंय? दोन्ही घरं एकाच सालातली आहेत. एका घराची गोष्ट झेंड्याखाली सांगायची आणि दुसरीला पेन्सिलीनं लिहायला लावायचं?

रस्त्यावरून उसाचे रिकामे ट्रॅक्टर दुरुस्तीला चालले होते. त्यांचा आवाज जाईपर्यंत आम्ही थांबलो. पुढचं मामा माझ्याकडं न बघता बोलले.

मामा : त्याच साली दिल्लीनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना इकडं पाठवलं होतं. नोव्हेंबर-डिसेंबरात ते हैदराबाद संस्थानात फिरले. पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांवर काय गुदरलं त्याचा अहवाल दिला. सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी लिहिलेत, उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. कित्येक वर्षं तो अहवाल बाहेरच आला नाही. रझाकारांनी आधी केलेले अत्याचारही त्यात आहेत. आणि जिवावर उदार होऊन शेजाऱ्याला वाचवणारे हिंदूही आहेत. म्हणजे तिचा पाटील त्या अहवालात बसतो.

मी : हे तुम्हाला माहीत होतं?

मामा : पंधरा-वीस वर्षं.

मी : वर्गात?

मामा : एकदाही नाही. चौतीस वर्षांत एकदाही तोंडातून काढलं नाही.

मी काही बोलले नाही. काय बोलणार? उत्तरं लिहून देते म्हणून ज्यांनी मला संध्याकाळभर धारेवर धरलं, त्यांच्याकडं हे एक उत्तर इतकी वर्षं पडून होतं. पण मला राग आला नाही. त्यांच्या शाळेतली पोरंही दुसऱ्या दिवशी त्याच बेंचवर बसणार होती.

मामा : आता तिला लिहायचंच असेल तर नीट लिहायला शिकव. आठवीच्या पुस्तकाचा पहिलाच धडा काय आहे? इतिहासाची साधने. भौतिक, लिखित, मौखिक, दृक्-श्राव्य. मौखिक साधन म्हणलं की लेकरं ओवी, पोवाडा लिहितात आणि सोडून देतात. तिला विचार, आजीला कुणी सांगितलं? त्यांना कुणी? सांगणाऱ्याचं तेव्हा वय काय होतं? १९४८ ला दहा वर्षांचा असलेला आज नव्वदीकडं आला. डोळ्यांनी बघितलेलं माणूस आता सापडणं मुश्कील. तिची गोष्ट पणजोबांकडून आजोबांकडं, तिथून आजीकडं, मग हिच्याकडं. चौथ्या तोंडची आहे. आठ दिवस म्हणते, ते तीन असतील, पंधराही असतील. तसं लिही म्हणावं, 'आजी सांगते की'.

मी : आणि आपल्या आजीची?

मामा : (हसून) माझ्यासाठी दुसऱ्या तोंडची. तुझ्यासाठी तिसऱ्या. चार महिने म्हणलो ना मी मघाशी? आई कधी दोन म्हणायची, कधी चार. मी वर्गात कायम चारच सांगितले.

मी : मोबाईलला विचारलं तर तो एका दमात सांगतो, कुठं अडखळत नाही. पोरं आता तेही करायलेत.

मामा : अडखळत नाही हीच त्याची अडचण. त्याला विचार म्हणावं, तुला कुणी सांगितलं.

लाईट आली तेव्हा साडेनऊ वाजले होते. मामांनी ती खाकी कव्हरची वही माझ्याच टेबलावर ठेवली, परत पिशवीत घातली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला तीन प्रश्न दिले. लिहू का नको, याचं उत्तर मी दिलं नाही. ते धैर्याचं काम तिच्यावर ढकललं असं कुणी म्हणलं तर मला नाकारता येणार नाही. ती आजीकडून परत आली ती एक नवीन गोष्ट घेऊन. बळदातून बाहेर आल्यावर पणजीनं पहिल्यांदा काय केलं, तर पाटलीणबाईंच्या जात्यावर त्यांची ज्वारी दळून दिली, कारण वर लोटलेल्या धान्यात माणसं बसली होती आणि ते घरातल्यांनी खाल्लं तर चालेल का, हा प्रश्न दोन्ही बायकांना पडला होता. चाललं. सगळ्यांनी खाल्लं. हे तिनं पेनानं लिहिलं, डाव्या पानावर. उजव्यावर ऑपरेशन पोलो. सतरा सप्टेंबरला झेंडावंदनानंतर तिनं उजवं पान वाचलं. वही वर्गशिक्षकांकडं जमा आहे.

नववीतल्या तांड्यावरच्या मुलीला मी अजूनही चार मुद्दे लिहून देते. ते मी बंद केलेलं नाही, करणारही नाही. फक्त आता तिच्याकडून एक ओळ घेते. पहिली ओळ होती, 'मतदान ओळखपत्र आईने पेटीत ठेवले आहे आणि किल्ली मुकादमाच्या गाडीत राहिली.' याचं काय करायचं हे मला कळलेलं नाही, पण ते आचारसंहितेच्या बरोबर समोर आहे.

मामा निघाले त्या सकाळी मी त्यांना सोडायला बसस्टँडवर गेले. धारूरकडची एसटी लागायची होती. तेवढ्यात तो चौकड्याच्या शर्टाचा पोरगा दप्तरासकट पळत आला. मी आदल्या दिवशीच त्याला सांगून ठेवलं होतं, नळपट्टीची पावती आण. त्यानं वहीतून घडी घातलेला, तेलकट डाग पडलेला कागद काढला. मामांनी तो हातावर नीट पसरला, लांब धरून वाचला आणि माझ्याकडं बघितलं. पावती ग्रामपंचायतीची होती. त्यानंतर त्यांच्या घरानं नळपट्टी भरलेलीच नव्हती.

पोरगा एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत म्हणाला, "मॅडम, मग आता सरपंचाचंच नाव लिहू का?"